कपाटाच्या दारावरची पावती

गेल्या महिन्यातली गोष्ट. वीस तारीख, म्हणजे आमच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्नं भरायचा शेवटचा दिवस, त्यामुळे मुलुंडहून निघायलाच रात्रीचे साडेनऊ वाजले. मुंबईतली आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेल्यापासून आम्ही ठाण्यात भाड्याने राहतो. रिक्षा एलबीएस रोडवरून चेकनाक्यापाशी आली आणि नेहमीसारखी अडकली. डोक्यावर मेट्रोचे खांब, बाजूला हॉर्न वाजवणारी टीएमटीची बस, समोरच्या टेम्पोच्या धुराचा घशात बसणारा वास. रिक्षावाला पोरगेलासा होता. बीडकडचा, मुंबईत येऊन दीड वर्ष झालेला. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, एक विचारू का? समदे चेकनाका चेकनाका म्हणतात. हितं चेक काय करतात?" मी दमले होते. म्हटलं, "काही नाही रे. नाव आहे नुसतं."

घरी आले, जेवले, अंथरुणावर पडले, आणि ते "काही नाही रे" मला टोचायला लागलं. कारण त्या नाक्यावर माझ्या बाबांची चोवीस वर्षं गेली.

बाबा लोहार चाळीतल्या एका इलेक्ट्रिक मालाच्या घाऊक व्यापाऱ्याकडे नोकरीला होते. होल्डर, स्विच, पट्ट्या, वायरची भेंडोळी. शेटचं दुकान लोहार चाळीत, पण माल भिवंडीत. आज भिवंडीची गोदामं म्हटलं की ऑनलाइन खरेदीचे खोके डोळ्यांपुढे येतात. ती गोदामं तिथे का आली, हे मात्र कुणी विचारत नाही. माणकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे ही सगळी ग्रामपंचायतीची हद्द. मुंबईत माल आणला की जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा पालिकेचा कर. ठाण्यात आणला की तिथली वेगळी जकात. ग्रामपंचायतीत उतरवला तर काहीच नाही. मग शहाणा व्यापारी काय करणार? माल भिवंडीत ठेवायचा, गिऱ्हाईक मुंबईतलं असेल तेव्हा लागेल तेवढाच आत आणायचा, आणि गुजरातकडे नाहीतर नाशिककडे जायचा असेल तर मुंबईचं तोंडही न दाखवता परस्पर रवाना करायचा. भाताची खाचरं बुजवून पत्र्याच्या शेडांचं एक अख्खं गाव उभं राहिलं, ते जागेच्या स्वस्ताईबरोबरच या एका कराच्या कडेकडेने. कुणी नकाशा काढून ठरवलं नव्हतं. पाणी जसं उताराकडे जातं तसा माल गेला.

आणि तो माल आत आणायचं काम बाबांचं. शहरात शिरायच्या पाच वाटा, पाच नाके: दहिसर, मुलुंडला दोन, ऐरोली आणि वाशीकडून येताना मानखुर्द. बाबांचा नाका मुलुंडचा, एलबीएसवरचा. सकाळी सातला डबा घेऊन निघायचे. भिवंडीहून टेम्पो आला की ड्रायव्हरकडून चलान आणि बिल घ्यायचं, फॉर्म भरायचा, खिडकीशी रांग लावायची, कुणी म्हटलं तर खोका उघडून दाखवायचा, पैसे भरायचे, पावती घ्यायची, मग टेम्पो पुढे. बाबांचं अक्षर मोत्यासारखं होतं. नाक्यावरचे अर्धे ड्रायव्हर, ज्यांचा आमच्या शेटशी काही संबंध नव्हता, तेसुद्धा फॉर्म भरून घ्यायला त्यांच्याकडे यायचे. पंजाबी, तमिळ, राजस्थानी. त्या बदल्यात कुणी मोसंबी द्यायचं, कुणी एकदा दोन नारळ दिले होते. संध्याकाळी बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला डिझेल, कार्बन पेपर आणि चहा यांचा मिळून एक वास यायचा. शाळेतून मी कधी उशिरा आले आणि दारात तो वास आला की कळायचं, बाबा आलेत.

आमच्या घरात एक लोखंडी कपाट आहे. 1991 च्या दिवाळीत ठाण्याला घेतलं. मी चौदा वर्षांची होते, म्हणून नीट आठवतं. टेम्पोत कपाट आडवं टाकलेलं, त्याच्यावर गोधडी, आणि गोधडीवर मी आणि भाऊ. नाका आला तसा टेम्पोवाला म्हणाला, "काका, तुम्हाला इथे सगळे ओळखतात. हात करा, निघू." बाबांनी टेम्पो बाजूला घ्यायला लावला आणि रांगेत जाऊन उभे राहिले. पाऊण तास. दिवाळीची गर्दी, ट्रकांची रांग पार मॉडेला मिलच्या पुढे गेलेली. आई आधीच हळदीकुंकवाला जायचं म्हणून चिडली होती. बाबा पावती घेऊन आले, घडी करून वरच्या खिशात ठेवली. कपाट घरात उभं राहिल्यावर आईने आधी आत हळदीकुंकवाची बोटं उमटवली, आणि बाबांनी त्याच्या शेजारी, डाव्या दाराच्या आतल्या बाजूला, खळ लावून ती पावती चिकटवली. कुणी विचारलं तर दाखवता येईल म्हणून. कोण विचारणार होतं? कपाटाच्या आत येऊन कुणी जकात तपासत नाही. पण चिकटवली.

ती अजून आहे. पिवळी पडलीय, रक्कम दिसत नाही. जांभळा शिक्का तेवढा अर्धा वाचता येतो.

आता हे वाचून माझे बाबा म्हणजे हरिश्चंद्राचा अवतार होते असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. शेटकडे एका मालाची दोन बिलं व्हायची. एक खरं, ते गिऱ्हाइकाला. एक नाक्यावरचं, त्यात शंभराचा माल साठ नाहीतर सत्तर रुपयांचा. ते नाक्यावरचं बिल कुणाच्या अक्षरात असायचं? मोत्यासारख्या. हे मला पंचवीस वर्षांची झाल्यावर, मी स्वतः हिशोबाच्या लाइनीत आल्यावर कळलं. एकदा धीर करून विचारलं. बाबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "बिल शेटचं, अक्षर माझं. कपाट माझं होतं." त्यानंतर त्या विषयावर आम्ही बोललो नाही. मला ते उत्तर तेव्हा पळवाटेसारखं वाटलं होतं. आज वाटतं, पगारावर तीन माणसं पोसणाऱ्या माणसाला आपली हद्द कुठेतरी आखावी लागते, त्यांनी ती त्या कपाटाभोवती आखली. कधी कधी मात्र अजूनही पळवाटच वाटते.

2004 साली बाबांची बायपास पालिकेच्या केईएम इस्पितळात झाली. मी बाहेरच्या बाकावर दिवस काढले. ओल्या फरशीचा फिनेलचा वास, जिन्यात चादर अंथरून बसलेली गावाकडची माणसं, आणि बिलाची रक्कम बघून आम्हा दोघा भावंडांना झालेला अविश्वास. खाजगी इस्पितळात विचारलेल्या आकड्याचा तो एक लहानसा तुकडा होता. घरी न्यायच्या दिवशी बाबा चाकाच्या खुर्चीतून त्या जुन्या दगडी भिंती बघत होते. म्हणाले, "यात आपली पण एखादी वीट असेल." मग थोडं थांबून, "आणि काढलेलीही." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ते हसले की त्यांना टाके दुखले हे मला चेहऱ्यावरून कळलं नाही.

मुंबईत जकात आली 1965 मध्ये. या शहरातले पालिकेचे दवाखाने, शाळा, तानसा-भातसाहून येणारं पाणी, कचऱ्याच्या गाड्या, यातलं बरंचसं तिच्यावर चाललं. शेवटी शेवटी वर्षाला सात हजार कोटींच्या आसपास मिळायचे, त्यात माहुल-ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्यांत येणाऱ्या कच्च्या तेलाचा वाटा मोठा. मुंबई महापालिका श्रीमंत का, तर हे त्याचं एक कारण. बाकीच्या महाराष्ट्रात जकात टप्प्याटप्प्याने गेली. आधी नगरपालिकांची, मग एलबीटी, म्हणजे व्यापाऱ्याच्या वह्यांवरून लागणारा स्थानिक संस्था कर, येऊन महापालिकांची. 2013 मध्ये ती एलबीटी मुंबईत येणार म्हटल्यावर व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली होती. गंमत बघा, जन्मभर जकातीला शिव्या घालणारे व्यापारी म्हणत होते, ती जकात परवडली. तिच्यात निदान नाक्यावर एकदा पैसे भरले की विषय संपायचा, कुणी दुकानात येऊन वह्या मागत नव्हतं. मुंबईत जकात राहिली. ती गेली 2017 मध्ये, जीएसटीबरोबर.

30 जूनच्या रात्री बाबा टीव्हीसमोर बसले होते. दिल्लीत संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये मध्यरात्रीचा सोहळा, दिवे, भाषणं. बाबांना निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, ऐकू कमी यायचं, आवाज मोठा ठेवलेला. बारा वाजले तसं म्हणाले, "सुटल्या म्हणायच्या गाड्या." आणि झोपायला गेले. सकाळी मात्र अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "जरा नाक्यावर जाऊन येऊ." शनिवार होता, मला सुट्टी. पाऊस बारीक लागलेला. रिक्षाने गेलो.

काय बघायला गेलो होतो मला माहीत नाही. बघायला काहीच नव्हतं. ट्रक येत होते आणि थांबत नव्हते. एवढंच. पण चोवीस वर्षं जिथे फक्त थांबलेले ट्रक बघितले, तिथे तिसऱ्या गिअरमध्ये जाणारा ट्रक बघायला बाबा छत्री धरून उभे राहिले होते. मोकळ्या खिडक्या, एका खिडकीच्या गजाला अडकवलेली पेनाची दोरी, पेन नाही. एक ड्रायव्हर सवयीने हळू झाला, कुणी हात केला नाही तसा खिडकीतून डोकं काढून बघितलं, आणि गेला. पलीकडे चहाची टपरी होती. तो चहावाला बाबांच्या ओळखीचा, त्याच्या बापापासूनचा. कटिंग देताना म्हणाला, "काका, लोक म्हणतात बरं झालं. गाडी थांबायचीच नाही तर चहा कोण पिणार?" पंक्चरवाला, वडापाववाला, फॉर्म विकणारा, झेरॉक्सवाला, ताडपत्री शिवणारा म्हातारा. धोरण आखताना या माणसांचा रकाना कुठल्याही कागदावर नसतो. आणि तो नसतो म्हणून ट्रक तासन् तास उभे ठेवावेत, डिझेल जाळावं, असंही मला म्हणवत नाही. बाबांनी चहाचे पैसे दिले. सुट्टे नव्हते, दहाची नोट दिली आणि उरलेले घेतले नाहीत. येताना रिक्षात एकच वाक्य: "चांगलं झालं." आवाज बघता ते स्वतःलाच सांगत होते.

बाबा 2019 मध्ये गेले.

आता तोच नाका माझ्या कॉम्प्युटरात आहे. दर महिन्याच्या अकराला एक रिटर्न, विसाला एक. मुलुंडच्या एमजी रोडवरच्या एका हार्डवेअरवाल्या काकांचं काम आमच्याकडे असतं. पंच्याहत्तरी उलटलेले, स्मार्टफोन नातवाचा. त्यांचा माल कळव्याहून यायचा, एक लाखाच्या वरचा. मी म्हटलं, "काका, ई-वे बिल काढावं लागेल." ते म्हणाले, "अगं, माल कळव्याहून मुलुंडला यायचाय. लंडनला नाही." मी हसले, पण बिल काढलंच. माल वाहून न्यायचा तो ऑनलाइन कागद. टेम्पोचा नंबर टाकायचा, अंतर टाकायचं, त्यावरून बिलाची मुदत ठरते. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलले, बारा आणि अठ्ठावीस टक्क्यांचे टप्पे गेले, तेव्हा हेच काका जुन्या दराच्या मालाचं काय करायचं म्हणून रोज फोन करायचे. त्यांच्या मते जकात बरी होती. त्यांना विचारलं, तेव्हा तुम्ही जकातीबद्दल काय म्हणायचात? तर म्हणाले, "ते राहू दे."

प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन बिलांचा खेळ आता कठीण झालाय. विकणाऱ्याने दाखवलेलं आणि घेणाऱ्याने दाखवलेलं जुळलं नाही तर घेणाऱ्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं. बाबांच्या शेटला आज तसं बिल लिहायला मोत्यासारखं अक्षर असलेला माणूस ठेवता येणार नाही. हे मला आवडतं. काम वाढलं, डोळे गेले, पाठ गेली, पण हे आवडतं.

जे आवडत नाही ते सांगणं जरा अवघड आहे. जकात गेल्यावर पालिकेला भरपाई द्यायची ठरली. जुलै 2017 मध्ये राज्याच्या अर्थमंत्र्यांनी पालिका मुख्यालयात येऊन महापौरांना पहिला धनादेश दिला, सुमारे 647 कोटींचा. त्या कार्यक्रमात शिवसेना आणि भाजपच्या नगरसेवकांची घोषणाबाजी झाली, दुसऱ्या दिवशी पेपरात तीच गाजली. मला आठवतं, बाबांनी बातमी भिंगातून वाचली आणि विचारलं, "म्हणजे आता शहराला पगार मिळणार?" मी म्हटलं, पगार नाही, हक्काची भरपाई आहे, कायदा आहे, दरवर्षी वाढणार आहे. ते म्हणाले, "वाढ पगारालाच असते." मी वाद घातला नाही, पण ते डोक्यात राहिलं. आधी शहर आपल्या दारात उभं राहून स्वतः कमवत होतं, चांगलं-वाईट, शिव्या खात. आता महिन्याला मंत्रालयाकडून पैसे यायची वाट बघतं. त्यानंतर 1 जानेवारी 2022 पासून मुंबईतल्या पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. आमची जुनी खोली चारशे तीस फुटांची, आम्हीही त्यात आलो. आईने ते पत्र देवापाशी ठेवलं होतं. मग 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या त्याच पाच वेशींवर छोट्या गाड्यांचा टोल बंद झाला. दुसऱ्याच दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली. माझा भाऊ त्या रात्री कारने मुद्दाम ऐरोलीला एक चक्कर मारून आला. पंचेचाळीस रुपये वाचवायला किती पेट्रोल जाळलंस विचारलं तर चिडला.

सगळं सुटत गेलं, आणि प्रत्येक वेळी मला बरंच वाटलं. तक्रार कशी करू? पण मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचलं तेव्हा मी वॉर्ड ऑफिसात फोन करायला घेतला आणि क्षणभर थबकले. कुठल्या तोंडाने? आधी बिल तरी हातात असायचं. "आम्ही टॅक्स भरतो" हे वाक्य आई शेजारच्या नळावरच्या भांडणातसुद्धा वापरायची. मी जीएसटी भरतेच की, साबणावर, बिस्किटांवर, मोबाइलच्या रिचार्जवर. पण तो कुठून कुठे जाऊन माझ्या गल्लीतल्या गटारापर्यंत येतो, हे माझ्यासारख्या रोज रिटर्नं भरणाऱ्या बाईलासुद्धा एका दमात सांगता येत नाही. बाबांना सांगता यायचं. खिडकी, पावती, विटा. काढलेल्या विटांसकट. मी फोन केला शेवटी, माणसं आली, झाकण उघडलं, पाणी गेलं. मात्र फोनवर माझा आवाज आईसारखा चढला नव्हता.

बरं, नव्या इमारतीत आम्हाला पाचशे पासष्ट फूट मिळणार आहेत. म्हणजे पुन्हा मालमत्ता कर. मुलगा म्हणतो, बिल्डरला सांगून पासष्ट फूट कमी करून घेऊ या का. तो चेष्टा करतो, पण आमच्या विंगमधल्या दोघांनी हा हिशोब खरंच करून बघितला.

त्या नव्या घरात भिंतीतली कपाटं बिल्डर देणार आहे. त्यामुळे लोखंडी कपाटाचं काय, हा प्रश्न आमच्याकडे गेल्या दिवाळीपासून चालू आहे. ठाण्याला सामान हलवलं त्या दिवशी ते टेम्पोत परत आडवं पडलं होतं, वर तीच नसली तरी तसलीच गोधडी. मी ड्रायव्हरशेजारी बसले होते. नाका आला, गेला. उलट्या दिशेने चाललो होतो, कुणी थांबवायचा प्रश्नच नव्हता. तरी मी मागे वळून ते कपाट हलत नाही ना ते बघितलं.

रिक्षावाल्या पोराने विचारलं त्या रात्री, झोप लागेना म्हणून मी उठले आणि कपाट उघडलं. डांबरगोळ्या, आईच्या नऊवारीचा जुना वास. मोबाइलचा दिवा लावून पावती वाचायचा प्रयत्न केला. मनात आलं, कपाट भंगारात गेलंच तर निदान हे सोडवून फ्रेम करू. फडकं ओलं केलं, एका कोपऱ्याला लावलं, नखाने हळूच उचललं. खळ पक्की होती. कागद सुटेना, पण शिक्क्याची शाई फडक्याला लागायला लागली, फिकट जांभळी. मी हात मागे घेतला. दार उघडंच ठेवून पंखा लावला, तो कोपरा वाळेपर्यंत तिथेच पलंगावर बसून राहिले.